रिठ्याचा उन्हाळा

मार्च अर्धा सरला की घाटकोपर स्टेशनबाहेरच्या ज्यूसच्या गाड्यांपाशी मोसंबीच्या सालांचे ढीग साचायला लागतात. दुपारच्या उन्हात ती सालं तापतात आणि त्यांतून एक कडसर, नाकात जाऊन बसणारा वास निघतो. लोक ढिगाला वळसा घालून पुढे जातात. मी थांबते. कॉलेज सुटल्यावर खांद्याला पर्स, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि मी कचऱ्यासमोर उभी राहून खोल श्वास घेतेय, हे बघून एकदा माझ्याच वर्गातल्या दोन मुली खुदकन हसल्या. हसू देत. त्यांना मी रसायनशास्त्र शिकवते. मला ते कुणी शिकवलं, हे अजून सांगितलेलं नाही.

त्या वर्षी माझी बारावीची लेखी परीक्षा होत आली होती आणि सीईटी मे महिन्यात होती. आम्ही विक्रोळीला, हायवेच्या अलीकडच्या चाळीत राहायचो. एक खोली, वर माळा, कोपऱ्यात मोरी. पप्पांची रिक्षा. आई घाटकोपरला एका पाच मजली ऑफिसच्या इमारतीत सफाईचं काम करायची. तिला पगार द्यायची ती सफाईचं कंत्राट घेतलेली एजन्सी. जिने, लाद्या, काचा आणि प्रत्येक मजल्यावरचे संडास, असं सगळं आईसकट पाच बायकांच्या वाट्याला यायचं. संडास बहुतेक आईच्याच. कारण ती नाही म्हणायची नाही आणि तिच्याइतके लखलखीत ते कुणाचेच व्हायचे नाहीत.

आई जालन्याकडची. शाळेची पायरी चढली नव्हती. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी बायकांना लिहायला शिकवायचे. तिथे ती पोटुशी असताना जायची, म्हणजे एका अर्थी तो वर्ग मीही केला. तिथे ती सही शिकली. ‘सुमन वाघमारे’. शेवटच्या ‘रे’ची मात्रा ती अशी झोकात ओढायची की शाई वरच्या ओळीत शिरायची. रेशनचा फॉर्म असो, शाळेतलं माझं प्रगतिपुस्तक असो, कुणी शाईचा पॅड पुढे सरकवला की आई तो एका बोटाने परत ढकलायची. “पेन द्या,” म्हणायची. एवढंच. ते दोन शब्द ऐकताना मी लहानपणी तिच्याकडे मान वर करून बघत राहायचे.

आणि त्या मार्चमध्ये इमारतीच्या तळमजल्यावर, आधारच्या ठशांशी अंगठा ताडून बघणारं हजेरीचं मशीन बसलं.

पहिल्या दिवशीची गोष्ट आईने घरी आल्यावर हसतहसत सांगितली होती. सगळ्या बायका रांगेत. एकीचा अंगठा लागला, हिरवा दिवा. दुसरीचा लागला, हिरवा दिवा. आईचा लावला, लाल. पुसून लावला, लाल. परबसाहेब म्हणजे एजन्सीचे सुपरवायझर, मालवणकडचे, आईपेक्षा वयाने बरेच लहान. ते म्हणाले, “सुमनताई, दुसरं बोट लावा.” दुसरं लावलं. तिसरं लावलं. दोन्ही हातांची दहाही बोटं लावून झाली. दहाही वेळा लाल.

“सुमनताई, तुमच्या बोटांचे ठसे गेले खंय?” परब म्हणाले. सगळे हसले. आईही हसली.

आठवड्याने हसणं संपलं. परब रोज वहीत तिची हजेरी लिहून घेत होते, पण एके दिवशी त्यांनी तिला बाजूला बोलावलं. “वरून निरोप आलाय. जूनच्या पहिल्या तारखेपासून वही बंद. मशीनवर ज्याची हजेरी नाही, तो माणूस कामावर नाही. मी तरी काय करू, सांगा.”

“मी सही करते ना,” आई म्हणाली.

“सही नको त्यांना. अंगठाच हवा.”

त्या संध्याकाळी आई मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. चहा निवून गेला. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “अंगठा द्यायला नको म्हणून सही शिकले गं मी. आता ते म्हणतात सही नको, अंगठा दे. आणि अंगठा तर राहिलाच नाही.”

मी तिचा हात बल्बखाली धरला. अठरा वर्षं त्या हाताने मला न्हाऊ घातलं, भरवलं, मारलं, आणि मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. बोटांची टोकं गुळगुळीत होती, काचेच्या गोटीसारखी. कडेने कातडी सोललेली, सांध्यांवर चिरा, चिरांत लाल. मला एकदम कितीतरी गोष्टी कळल्या. ती दोन वर्षं चमच्याने का जेवत होती. मिरचीचा ठेचा माझ्याकडूनच का कुटून घेत होती. शाईच्या पॅडला परत ढकलणाऱ्या त्या बोटावर आता काही उरलं नव्हतं. ऍसिड, ब्लीच, फिनाईल, दिवसाचे आठ तास. ज्या कामाची हजेरी लावायची, त्या कामानेच अंगठा पुसला होता.

महापालिकेच्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. बाहेर एवढी गर्दी, तरी त्यांनी आईचे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेऊन भिंग लावून पाहिले. मी विचारलं, रेषा गेल्या का कायमच्या?

“नाही गं. रेषा आत आहेत. वरची कातडी रोज जळतेय म्हणून दिसत नाहीत. जळायची थांबली की येतील वर. दोन महिने, तीन महिने. पण ऍसिड आणि ब्लीच पूर्ण बंद.” मग आईकडे वळून त्या म्हणाल्या, “मावशी, दुसरं काही काम मिळेल का?”

आई म्हणाली, “काम नाही सोडणार. पाणी बदलीन.”

डॉक्टरांना ते कळलं नाही. मलाही नाही. मलम, आत घालायला सुती हातमोजे, वर रबरी, असं सगळं कागदावर लिहून घेऊन आम्ही बाहेर पडलो. येताना आईने वाटेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून दोन किलो रिठे घेतले.

लहानपणी तिच्या गावात घरात येणारा साबण म्हणजे अंगाला लावायची एक वडी. बाकी सगळं रिठ्यावर, चिंचेवर, राखेवर चालायचं. “लुगडी धुवायचो, चांदीचे वाळे धुवायचो, डोकं धुवायचो. तेव्हा आमच्या हातांना काही नव्हतं झालं,” ती म्हणाली. रिठे फोडायचे, आतली काळी कुळकुळीत बी काढून टाकायची, टरफलं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून गाळायची. गाळलेलं पाणी चहासारखं तांबूस. बाटलीत भरून हलवलं की असा फेस यायचा की झाकण उडेल. उन्हाळ्यात ते दोन दिवसांवर टिकायचं नाही, आंबायचं. म्हणून एक दिवसाआड आमच्या स्टोव्हवर आधी रिठे, मग चहा. मी एका बाजूला सीईटीची पुस्तकं मांडून रिठे फोडायचे. आजही ‘ऑरगॅनिक’चा धडा काढला की माझ्या नखांखाली रिठ्याचा चिकटपणा जाणवतो.

मोसंबीची सालं माझी. म्हणजे कल्पना माझी, मोबाईलवर पाहिलेली. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून तीन महिने ठेवायचं.

“हे तर नासलेलं लोणचं,” आई म्हणाली.

“आंबतं गं ते. आंबलं की चिकटा कापतं.”

“तीन महिन्यांनी कापेल. माझा जून दोन महिन्यांवर आलाय.”

तरी ती दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या ज्यूसवाल्याकडून पोतंभर सालं घेऊन आली. तो आधी तिला वेड्यात काढत होता. मग त्याचा कचरा रोज कमी व्हायला लागला, तेव्हा स्वतःच पोतं भरून बाजूला ठेवू लागला. सालांचा रस तिच्या चिरांना झोंबायचा म्हणून चिरायचं काम माझं. चार कॅन भरून माळ्यावर ठेवले. रोज झाकण सैल करून हवा सोडायची, हे पप्पांना बजावून सांगितलं होतं. एका दिवशी आम्ही तिघंही विसरलो. दुपारी झाकण सुटलं ते थेट पत्र्यावर आदळलं आणि माळ्यावरून गुळाचं पाणी पप्पांच्या डोक्यावर. पप्पा जेवत होते. ताटात भात, भातावर मोसंबीची साल. शेजारच्या खोलीतून आवाज आला, “काय फुटलं रे?” पप्पा शांतपणे साल बाजूला करत म्हणाले, “काही नाही. आमच्या घरात कारखाना निघालाय.”

आई त्या दिवशी खूप दिवसांनी पोट धरून हसली.

इमारतीत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी रिठ्याचं पाणी जास्त झालं आणि दुसऱ्या मजल्याची लादी चिकचिकली. दोनदा पुसावी लागली. मग प्रमाण सापडलं, बादलीला एक वाटी. काचांना व्हिनेगरचं पाणी आणि जुना पेपर. पॅन्ट्रीतल्या तेलकट ओट्याला खायचा सोडा. लॉबीतल्या पितळी पाट्यांना चिंच. त्या पाट्या तर अशा निघाल्या की तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी विचारलं, नव्या केल्या का?

अडलं दोन ठिकाणी. एक, संडासातले पिवळे डाग. रिठ्याला ते दाद देईनात. आई लिंबूसत्त्वाची पूड गरम पाण्यात कालवून ऑफिस सुटताना लावायची, सकाळी घासायची. चार दिवस, पाच दिवस, डाग तिथेच. सहाव्या दिवशी ती ऍसिडची बाटली उघडून उभी होती. मी त्या दिवशी तिच्यासोबत गेले होते. बाटलीच्या तोंडातून धूर निघत होता आणि आई डागाकडे बघत होती.

“एकदाच टाकते. एकदाने काय होतंय?”

“आई, मी घासते.”

“तू? बारावी शिकलेली पोरगी संडास घासणार?”

“तू घासतेस म्हणून बारावी शिकले ना.”

तिने बाटलीला झाकण लावलं. मला सुती मोजे दिले, वर रबरी मोजे दिले. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. तासाभराने डागाची कड सुटली. नखाएवढा पांढरा ठिपका निघाला, मग रुपयाएवढा. आई मोठ्या आवाजात गाणं म्हणायला लागली. त्या फरश्यांमध्ये तिचा आवाज असा घुमला की परब बाहेर येऊन थांबले.

दुसरं अडलं ते वासावर. चौथ्या मजल्यावरच्या एका साहेबांनी तक्रार केली की बाई हल्ली काम करत नाही, सकाळी फिनाईलचा वास येत नाही. परब आईला घेऊन वर निघाले. जिन्यात ते एकदम सरळ बोलले, “सुमनताई, या लोकांना वास पाहिजे. वास आला म्हणजे साफ झालं असं त्यांना वाटतं. थोडं फिनाईल शिंपडा दारात, माझी पण वाट लागायला नको.”

वर पोचल्यावर आईने पदराखालून एक स्वच्छ पांढरा रुमाल काढला आणि साहेबांच्या पुढे धरला. “साहेब, जिथे वाटेल तिथे पुसून बघा. रुमाल काळा झाला तर मी उद्यापासून येत नाही.”

साहेब ओशाळले. पण परब जिद्दीला पेटले. त्यांनीच रुमाल घेतला. खिडकीची चौकट, टेबलाखालची लादी, दाराची कड. रुमाल उजेडात धरून बघितला, उलटा करून बघितला. साहेबांसमोर ठेवला. मग म्हणाले, “वास नाही साहेब. पण घाण पण नाही.” त्याच खोलीत बसणारी एक बाई खुर्चीतून वळून म्हणाली, “आणि माझं सकाळचं डोकं दुखणं पण नाही. मी म्हणतच होते, हल्ली बरं का वाटतं.”

तो किस्सा सांगायला आई घरी धावत आली होती. सांगताना धापा टाकत होती. मी म्हटलं, जिंकलीस. ती म्हणाली, “थांब. अजून अंगठा कुठे जिंकलाय?”

अंगठ्याची परीक्षा आमच्याकडे दर रविवारी व्हायची. माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलची मागची पानं कोरी होती. त्यांवर मी पोस्टातला असतो तसा शाईचा पॅड आणून तिच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचे. आधी तिने हात मागे ओढला. पॅड बघितला की तिचा हात आपोआप मागे जायचा. मग मी म्हटलं, “सही येत नाही म्हणून नाही गं घेत. रेषा मोजायला घेतेय.” तेव्हा तिने अंगठा दिला.

पहिला रविवार, नुसता निळा डाग. दुसरा, तिसरा, निळा डाग. चौथ्या आठवड्यात डागाच्या कडेला दोन पांढऱ्या केसासारख्या फटी. मी भिंग लावलं. आईने भिंग हिसकावून घेतलं. पप्पांनी तिच्याकडून घेतलं. तिघांनी आळीपाळीने बघितलं, जणू घरात नवं बाळ आलंय आणि ते कुणावर गेलंय हे ठरवायचंय. सहाव्या आठवड्यात फटींच्या वळणदार ओळी झाल्या. मे महिन्यात एक दिवस मध्यभागी भोवरा दिसला, छोटासा, पूर्ण. त्या दिवशी आईने स्वतः ठेचा कुटला. पाट्यावर मिरच्या, लसूण, मीठ, आणि तिने तो थेट बोटांनी गोळा केला. मी श्वास रोखून बघत होते. तिने बोटं चाटली आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.”

मेच्या शेवटी, तीन महिने पुरे व्हायच्या आधीच, पहिला कॅन उघडला. तपकिरी पाणी, आंबट-गोड वास. पहिला मान पप्पांच्या रिक्षाला. सीटच्या रेक्झिनवरचा वर्षानुवर्षांचा चिकटा एका फडक्यात निघाला. संध्याकाळी ते सांगत आले की पॅसेंजर विचारत होते, मोसंबी खाताय काय. “मी म्हटलं, बायको कारखानदार आहे.”

एक जूनला मी आईबरोबर गेले. माझी सीईटी झाली होती, निकाल यायचे होते. पण त्या सकाळी मला माझ्या निकालाची आठवणही नव्हती. तळमजल्यावर मशीनसमोर रांग. परब हातात काही नसल्यामुळे अस्वस्थ, कारण वही खरंच बंद झाली होती. आईचा नंबर आला. तिने अंगठा ठेवला.

लाल.

परबांनी मान खाली घातली. आईने अंगठा पदराला पुसला, मग दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलकेच घासला, जसं आपण थंडीत हात घासतो. मशीनच्या काचेवरून तिने पदराचं टोक फिरवलं. मागच्या बायकांचे अंगठे लागून ती काच तेलकट झाली होती. पुन्हा अंगठा ठेवला.

हिरवा दिवा. आणि मशीनमधून एका बाईचा कोरडा आवाज, “थँक यू.”

“तुलाच थँक यू, बाई,” आई म्हणाली.

मागच्या बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की वॉचमन आत धावत आला. एकीने आईला उचलायचा प्रयत्न केला, दोघी पडता पडता वाचल्या. परब हसत होते आणि चष्मा पुसत होते. मग ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सुमनताई, ते पाणी मला पण एक बाटली द्या. माझ्या आवशीचे हात बघवत नाहीत हो. गावाक असते ती, दिवसभर भांडी आणि सोडा.”

आईने त्यांना बाटली दिली नाही. रिठे दिले, अर्धा किलो, आणि कसे फोडायचे ते दोनदा सांगितलं. “गावी गेलात की तुम्ही स्वतः उकळून द्या तिला,” म्हणाली.

पुढच्या सहा महिन्यांत त्या इमारतीतून ऍसिडची बाटली गेली. आधी आईच्या मजल्यांवरून, मग बाकीच्या बायकांनीही आईचं पाणी मागून घेतलं. एजन्सीने सुरुवातीला कुरकुर केली. पण परबांनी लिहून दिलं की तक्रारी थांबल्यात आणि बायका कमी आजारी पडतात. पाच जणींचे अंगठे मशीनला ओळखू येतात, हेही त्यांनी लिहिलं. माझा निकाल चांगला लागला. मी रसायनशास्त्र घेतलं. घरात सगळ्यांना त्याचं आश्चर्य वाटलं, मला वाटलं नाही.

आई आता एजन्सीत नाही. गुडघे दुखतात. पण मुलुंडहून, बोरिवलीहून, कधी चारकोपच्या सेक्टरमधून तिला बोलावणं येतं. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ती रिठे, सालं, सोडा, लिंबूसत्त्व मांडून बसते आणि सांगते. बरोबर ताकीदही देते, संगमरवराला आंबट लावाल तर तो मरेल, ब्लीचमध्ये काहीही मिसळाल तर तुम्ही मराल. मी टेबल धरायला आणि पाणी द्यायला जाते.

गेल्या रविवारी मुलुंडला एका मोठ्या सोसायटीत गेलो होतो. तीन टॉवर, वातानुकूलित हॉल. पुढच्या खुर्च्यांवर कमिटीची माणसं आणि त्यांच्या घरच्या बायका मोबाईल सरसावून बसलेल्या. सफाईच्या बायका मागे भिंतीला टेकून उभ्या, गणवेशात, हात मागे बांधून. सेक्रेटरींनी छान ओळख करून दिली. आई उठली. तिने एकदा पुढच्या रांगेकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

“जरा उठता का?” ती पुढच्यांना म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त घाई होती. “ज्यांना हे रोज हाताळायचंय त्यांना पुढे बसू द्या. तुम्ही मागून बघा, मागूनही दिसतं.”

आधी सेक्रेटरींच्या पत्नी उठल्या, त्यांनी स्वतःची खुर्ची हाताने वळवून एका म्हाताऱ्या सफाईवालीला दिली. मग सगळेच उठले. खुर्च्यांचा खडखडाट झाला. भिंतीपासून बायका पुढे आल्या, आधी एक, मग सगळ्या, काही लाजत, काही एकमेकींना ढकलत, आणि बसल्या.

आईने रिठ्यांना हातही लावला नाही. ती टेबलाच्या पुढे आली.

“आधी हात दाखवा,” ती म्हणाली.

त्यांनी मागे बांधलेले हात पुढे आणले. तळवे वर केले. पंचवीस-तीस जणींचे हात एकदम उघडले, सोललेले, भेगाळलेले, गुळगुळीत झालेले. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी एसीचा रिमोट खाली ठेवला, उगाचच. आईने पहिल्या रांगेतल्या पहिल्या बाईसमोर खाली बसून तिचा अंगठा हातात घेतला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला, आणि म्हणाली, “आहेत गं बाई, आत आहेत. येतील.”